मत माणसाला की पक्षाला?

४ जुलै २०२४ ला मी इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पार्लमेंटसाठी मत दिलं, तेही भारतीय पासपोर्ट दाखवून. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला मताचा हक्क आहे. बटण नाही, शाई नाही. दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आणि कागदावर एक फुली. त्या कागदावर नजर आधी जाते ती उमेदवाराच्या नावावर. १९६९ पर्यंत तर पक्षाचं नाव मतपत्रिकेवर छापतच नसत.

इथलं सगळंच गोड नाही. लेबर पक्षाला जेमतेम ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, हे मला अजून पटत नाही. पण एका गोष्टीचा मनापासून हेवा वाटतो. इथे पक्षांतरबंदी कायदा नाही. व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, आहे आणि कडक आहे. त्या आदेशात ज्या विषयाखाली तीन रेघा ओढलेल्या असतात, तिथे पक्षासोबत मत द्यायलाच हवं. व्हिप मोडला तर पक्ष हाकलेल, खासदारकी मात्र शाबूत राहते.

१५ जानेवारी २०१९ ची रात्र आठवा. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, मतदानाला आला. घंटा वाजते, आठ मिनिटांनी दारं बंद होतात. तेवढ्यात खासदाराने उठून ‘हो’च्या नाहीतर ‘नाही’च्या दालनात चालत जायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मे यांच्याच पक्षाचे ११८ जण ‘नाही’कडे गेले. करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी पडला. आणि दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला, तेव्हा तेच ११८ जण मे यांच्या पाठीशी उभे राहिले! करार नको, पण सरकार आमचंच. एवढा साधा फरक करायची मुभा त्यांना होती.

आपल्याकडे १९८५ मध्ये आयाराम-गयाराम थांबवायला कायदा आला. हेतू चांगलाच होता. पण जून २०२२ मध्ये आमदार गटाने सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला, आणि महाराष्ट्रातलं सरकार गेलं. घाऊक फूट कायद्याला अडवता आली नाही. एकट्या आमदाराने मात्र ‘हे विधेयक माझ्या तालुक्याच्या मुळावर येतंय’ म्हणून व्हिपविरुद्ध मत दिलं, तर त्याची आमदारकी जाऊ शकते.

व्हिप मोडल्याची अपात्रता फक्त विश्वास आणि अविश्वास ठरावापुरती ठेवा, असं निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सांगून ठेवलंय. तुमच्या आमदाराला भेटाल तेव्हा एवढं एक जरूर विचारा, ही शिफारस त्यांना मान्य आहे का.