एक्झॉस्ट बदलल्यावर आलेला ‘लीन’ कोड आणि इंधन वाढवण्याचा चुकीचा सल्ला

पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअप ट्रकचा हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा पहिला पाइपसंच) किंवा सायलेन्सर बदलल्यानंतर इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७१ किंवा पी०१७४ हा ‘लीन’ कोड दिसला, की एक सल्ला हमखास पुढे केला जातो. एक्झॉस्ट मोकळा झाल्याने इंजिन जास्त हवा ओढते, त्यामुळे मिश्रण लीन होते, म्हणजेच हवेच्या मानाने इंधन कमी पडते. म्हणून रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकातील आकडे बदलून, इंधन वाढवावे आणि तोवर ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर (सेन्सरला धुराच्या प्रवाहापासून थोडा दूर धरणारा तुकडा) लावावा, असे त्यात सांगितलेले असते. हा सल्ला पाळून अनेक जण चांगले इंजिन बिघडवून घेतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासणे आवश्यक आहे.

पहिला दावा जास्त हवेचा. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजली जाते आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) त्या प्रमाणात इंधन सोडतो, त्यामुळे हवा वाढली तर इंधनही वाढते. केवळ इनटेक मॅनिफोल्डमधील (हवा इंजिनात नेणाऱ्या नळ्यांमधील) दाबावरून हवेचा अंदाज बांधणाऱ्या गाड्यांमध्ये हेडर बदलल्याने तो अंदाज थोडा चुकू शकतो, एवढे या दाव्यात तथ्य आहे. पण एरवीच्या चालवण्यात ती तफावत पुढचा ऑक्सिजन सेन्सर १४.७ : १ या प्रमाणाच्या आसपास सहसा सावरून घेतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) मागचा पाइप आणि सायलेन्सर बदलल्याने तर मिश्रणात जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

दुसरा दावा असा, की कोड लीनचा आहे म्हणजे इंजिन लीनच चालले आहे. सगळा घोटाळा इथेच होतो. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो धुरात उरलेला ऑक्सिजन ओळखतो. धूर पाइपमधून अखंड वाहत नसून धक्क्याधक्क्याने जातो, आणि दोन धक्क्यांच्या मधे आतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. सेन्सरच्या आधीच्या फ्लँजला (पाइपच्या बोल्टने जोडलेल्या सांध्याला) किंवा वेल्डिंगला बारीकशी फट असेल, तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरचा व्होल्टेज ०.१ च्या आसपास, म्हणजे लीनच्या संकेतापर्यंत, घसरतो आणि ईसीयू विनाकारण इंधन वाढवत राहतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली वाढ-घट) अधिक २० टक्के दिसत असताना प्लग मात्र काजळीने काळे पडलेले असतात, कारण इंजिन प्रत्यक्षात रिच, म्हणजे जास्त इंधनावर, चाललेले असते. त्यावर रीमॅपने आणखी इंधन घातले, तरी फटीतून येणारी हवा थांबत नाही; ॲव्हरेज घसरते आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो.

म्हणून ट्रिम आधी आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) आणि मग २,५०० आरपीएमच्या आसपास पाहावा. आयडलवर जास्त असलेला ट्रिम आरपीएम वाढताच खाली आला, तर गळतीचा संशय घ्यावा. इनटेकमधील गळतीही असेच आकडे दाखवते, मात्र तिथे प्लग सहसा काळे पडत नाहीत. उलट लोड वाढल्यावर ट्रिम चढत गेला, तर इंधन पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर तपासावा. एक्झॉस्टची फट शोधण्यासाठी थंड इंजिन सुरू करताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ कान द्यावा: टिक-टिक असा आवाज येतो आणि धातू तापून प्रसरण पावला की बहुधा दबतो. गॅस्केटच्या कडेला काळा ओघळही दिसतो. तेवढ्याने उलगडा झाला नाही, तर इंजिन बंद आणि थंड असताना मागच्या पाइपमधून ब्लोअरने हवा सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. जिथे बुडबुडे येतील तिथे फट आहे.

स्पेसरचा या कोडशी संबंधच नाही. तो कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरला लावतात आणि त्याने फार तर कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी०४२० हा कोड झाकला जातो. पुढच्या सेन्सरला लावला, तर त्याचा प्रतिसाद मंदावून मिश्रण आणखी हेलकावते.

रीमॅप निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. फट बुजवावी, शिकलेले ट्रिम पुसून गाडी चालवावी आणि आकडे पुन्हा वाचावेत. त्यानंतरही ट्रिम दहा टक्क्यांच्या वर राहिला, किंवा फुल थ्रॉटलला वाइडबँड सेन्सरवर (मिश्रणाचे नेमके प्रमाण दाखवणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर) मिश्रण १३ : १ पेक्षा बरेच लीन मोजले गेले, तर इंधनाचा तक्ता जरूर बदलावा.