पाणी कुठवर येतं?

सांगलीत गावभागातल्या आमच्या घरी जिन्याखालच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. पोरांची उंची मोजायला ओढतात तशाच, फक्त या कृष्णामाईच्या आहेत. खालची 2005ची, मधली 2021ची आणि सगळ्यात वरची 2019ची. ही वरची रेघ माझ्या चष्म्याच्याही वरून जाते. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे 45. मधली रेघ मी ओढत होतो तेव्हा ही मागं केरसुणी घेऊन उभी होती. म्हणाली, "ओढा ओढा. पुढची ओढायला मी इथं नसणार."

मला वाटलं चिखलाचा राग आहे, उतरेल. चिखल उतरला, राग नाही उतरला. साठी ओलांडलेला माणूस गाव सोडतो तेव्हा लोक विचारतात, "मुलाकडं का?" आम्ही म्हणायचो, "नाही, पाण्यामुळं." मग ते म्हणायचे, "म्हणजे तुमच्याकडं पाणीटंचाई?"

चिरंजीव नवी मुंबईत ऐरोलीला नोकरीत. त्याचं म्हणणं, आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये बघू. सूनबाईंनी आनंदानं होकार दिला, इतक्या आनंदानं की मलाच धास्ती वाटली. हिनं मात्र फोनवर तिथल्या तिथं सीमा आखून दिली. "वाटीत दिलेली कढी गरम पोचेल इतक्या जवळ सासूनं राहू नये. आणि निघताना पिशवीत टॉवेल टाकावा लागेल इतक्या लांबही नको." याचा भूगोल चिरंजीवानं काढला तो असा: लोकलची ट्रान्स हार्बर लाइन. एका टोकाला ठाणे, दुसऱ्या टोकाला वाशी नाहीतर पनवेल, आणि वाटेत ऐरोली.

सुरुवात खारघरपासून केली. रुंद रस्ते, समोर डोंगर, वारा असा की माझी टोपी दोनदा उडाली. एजंट तरुण होता. एका हातात बाइकची किल्ली, दुसऱ्यात दोन फोन. तो म्हणाला, "काका, मेट्रो बघा, बेलापूर ते पेंधर. 2023च्या नोव्हेंबरात चालू झाली. सीनियर सिटिझनसाठी बेस्ट लोकेशन." मी विरघळायला लागलो होतो. हिनं गॅलरीत जाऊन डोंगराकडं बोट केलं.

"ते काय?"

"पांडवकडा, काकू. पावसाळ्यात धबधबा पडतो. एकदम व्ह्यू."

"आणि ते पाणी खाली येऊन जातं कुठं?"

एजंटाला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नसावा. तो म्हणाला, "काकू, पावसाळ्यात तिकडं जायला बंदी असते, तुम्ही काळजी करू नका."

"मी तिकडं जाणार नाही हो. ते इकडं येतं का, एवढंच विचारतेय."

खारघर बाद.

वाशीची ओढ मलाच होती. तिथल्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचं नाव आहे. 1843 साली 'सीता स्वयंवर' करून मराठी नाटकाचा नारळ ज्यांनी सांगलीत फोडला, त्यांच्या नावाखाली आपण म्हातारपणी तिकिटाच्या रांगेत उभे, हे चित्र मला फार भावलं. मी ते हिला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या सांगलीत भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे. तिथं गेल्या दहा वर्षांत किती नाटकं बघितलीत?" दोन. त्यातल्या एकाला मध्यंतरात उठून आलो होतो, कारण नदी चढायला लागली होती.

वाशीच्या एजंटाशी हिचं जे बोलणं झालं, ते मी जन्मभर विसरणार नाही.

"पाणी कुठवर येतं?"

"टॉप फ्लोअरपर्यंत, काकू."

हिनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

"सातव्या मजल्यावर?"

"फुल प्रेशरनं. चोवीस तास."

"चोवीस तास बसून राहतं?"

"काकू, नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे! मोरबे! मुंबईवाल्यांना टेन्शन असतं, आपल्याला नाही."

धरण हा शब्द ऐकून ही खुर्चीवर बसली. "दरवाजे किती?"

"या फ्लॅटला? दोन. एक सेफ्टी डोअर."

"धरणाला हो. आमच्या कोयनेला सहा आहेत."

मी मध्ये पडून नळाचं पाणी आणि पुराचं पाणी यांच्यातला भेद समजावला. एजंट भला माणूस. तो मनापासून हसला आणि म्हणाला, इथं पूर कसला, इथं तर डच पद्धत आहे. याच्या पलीकडं त्यालाही माहिती नव्हती. ती सांगितली त्या सोसायटीच्या आवारात पेपर वाचत बसलेल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी. मी नुसतं "डच म्हणजे?" एवढंच विचारलं, तर त्यांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. नवी मुंबईचा बराच भाग खाडीत भराव घालून केलेला, भरतीच्या पातळीपेक्षा सखल. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोनं धारण तलाव खोदून ठेवले. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की शहराचं पाणी या तलावात थांबतं, खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून झडपा मिटतात, आणि ओहोटी लागली की तलावातलं पाणी खाडीत जातं. त्यांनी हे हातवारे करून इतकं सुरेख सांगितलं की मला त्याच सोसायटीत त्यांच्या शेजारी जागा घ्यावीशी वाटली. आयुष्यभर जिल्हा परिषदेत फायली उपसल्यावर, एखादी गोष्ट ठरल्याप्रमाणं उघडते आणि मिटते, याचं मला अप्रूप आहे.

परतीच्या गाडीत ही तुर्भ्यापर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आधी नदीपासून पळायचं, आणि समुद्राच्या खाली जाऊन राहायचं."

वाशी बाद. ऐरोली आधीच बाद होती, कढीच्या कलमाखाली.

घोडबंदर रोडचं थोडक्यात सांगतो, कारण आठवण काढली तरी गुडघे दुखतात. तिथले एजंट सगळ्याला ठाणेच म्हणतात. माजिवडा ठाणे, मानपाडा ठाणे, कासारवडवलीही ठाणे, आणि आणखी पुढं गेलं तरी ठाणे संपत नाही. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब, दोन्ही बाजूंना तीस-तीस मजली इमारती. आम्हाला बाविसाव्या मजल्यावर नेलं. इथं तरी प्रश्नच नव्हता. बाविसाव्या मजल्यावर पाणी आलं तर ते नोहाच्या नावेचं प्रकरण. हिनं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "कोथिंबीर संपली तर?" एजंट म्हणाला, "ॲपवरून दहा मिनिटांत येते." ही म्हणाली, "कोथिंबीर येईल हो. पण मी खाली कशाला जाऊ मग?" याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात लिफ्ट अडकल्याचा फोन आला. खाली चालत उतरलो. बावीस मजले. जिन्यात मी हिच्याशी एक अक्षर बोललो नाही.

दोन दिवस चिरंजीवाच्या सोफ्यावर पाय वर करून काढले. सूनबाई गरम पाण्याची पिशवी देता देता म्हणाल्या, "आई, आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर एक..." ही म्हणाली, "चला, उठा. नौपाडा बघायचा राहिलाय."

जुन्या ठाण्यात उतरलो आणि मला बरं वाटायला लागलं. 1853 साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून इथवर आली. त्या मानानं गर्दी अजून ओसरलेली दिसत नाही, पण रस्त्यावर माणसं चालत होती, पिशव्या घेऊन, एकमेकांना अडवून उभी राहत. 1893चं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तलावपाळीला बसायला कट्टा आहे. हे मी मनात ठेवलं. आपल्याला एखादी जागा आवडली हे आधी बोलून दाखवलं की ती हातची जाते, हा पस्तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव.

इमारत तीन मजली, जुनी, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावरची जागा भाड्यानं, अकरा महिन्यांच्या करारावर. एजंट वाटेतच बजावत होता, "काका, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे हं, दोन वर्षांत." तळमजल्यावर एक आजी दारात खुर्ची टाकून तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "बारा वर्षं झाली दोन वर्षांत पाडतायत."

ही थांबली. एजंट वर चला, वर चला म्हणत होता. हिनं पदर सावरला आणि आजींना विचारलं, "पाणी कुठवर येतं हो इथं?"

आजींनी ताट खाली ठेवलं. नळाचं की पुराचं, असं काही विचारलं नाही. गुडघ्यावर हात देत उठल्या, जिन्याशी आल्या, वाकल्या आणि तिसऱ्या पायरीवर तळवा टेकला. "26 जुलैला इथवर. त्यानंतर एवढं नाही. एरवी मोठा पाऊस झाला की रस्त्यावर घोटाभर."

"आजी!" एजंट कळवळून म्हणाला. "असं सांगतात होय पार्टीला?"

ही त्या पायरीकडं बघत होती. "आणि उतरायला किती वेळ लागला?"

"संध्याकाळी चढलं. पहाटे दूधवाला आला तेव्हा गेलेलं होतं."

हिनं वळून माझ्याकडं बघितलं. लेकीला आलेल्या स्थळाची चांगली बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "ऐकलंत? पहाटे गेलं म्हणे. आपल्याकडं आठ दिवस बसून होतं." मग आजींकडं वळून, "कोथिंबीर कुठं मिळते?"

दोघी बोलत बोलत गेटकडं निघाल्या. एजंट किल्ली हातात धरून जिन्यात उभा होता. म्हणाला, "काका, निदान जागा तरी बघा." मग मी एकटाच वर जाऊन बघून आलो.