मामा, ताई चालून झाली आहे

सकाळी फॅमिली ग्रुपवर मामांनी लिहिलं, "रोज तासभर चालायला सांगा तिला. थकवाबिकवा मनाचे खेळ असतात." खाली अंगठ्यांची रांग.

अहो, ताई चालली आहे! इंग्लंडमध्ये क्रॉनिक फटीगचं, म्हणजे 'एमई' असंही नाव असलेल्या, न सरणाऱ्या थकव्याच्या आजाराचं निदान झालं तेव्हा तिथल्या क्लिनिकने हातात तक्ताच ठेवला होता. दर आठवड्याला मिनिटं वाढवायची, त्रास झाला तरी वाढवायची. दहावीला वेळापत्रक भिंतीला चिकटवून पाळणारी मुलगी ती, एक चौकोन रिकामा ठेवला नाही. तक्ता भरला आणि बाईने अंथरूण धरलं. आता नुसते केस धुतले तरी पुढचे दोन दिवस पडून असते.

या तक्त्यांना बळ दिलं, चढता व्यायाम आणि समुपदेशन या आजारावर चालतं का ते बघणाऱ्या 'पेस' नावाच्या चाचणीने. ६४१ रुग्ण, २०११ साली थेट 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकामध्ये. आता गंमत बघा. चाचणीत घ्यायला शारीरिक क्षमतेचे गुण ६५ किंवा कमी हवेत, आणि नंतर 'बरा झाला' म्हणायला त्याच मोजपट्टीवर ६० पुरेत. म्हणजे पेशंट खालावला तरी त्या निकषावर पास! चाचणीचे मूळ आकडे मागणाऱ्या आजारी माणसांना आडमुठे ठरवलं. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने आदेश दिला तेव्हा कुठे चाचणी घेणाऱ्या लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने ते दिले. आधी ठरवलेले निकष लावून पाहिले तर बरं होण्याच्या बाबतीत व्यायामाचा म्हणावा असा फायदाच दिसेना. संशोधक अजून आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत, असोत. २०२१ मध्ये 'नाइस'ने, म्हणजे तिथे उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, असा चढता व्यायाम देऊ नका म्हणून सांगितलं. तोवर ताईचा तक्ता भरून झाला होता.

समुपदेशनाने धीर येतो, मान्य. तिलाही आला. पण धीर येणं म्हणजे बरं होणं नव्हे ना!

मामांचा तिच्यावर जीव आहे, हेही खरं. लहानपणी पर्वती चढायला तेच न्यायचे तिला. म्हणूनच त्यांचं लागतं जास्त. परक्याने म्हटलं असतं तर ब्लॉक करून मोकळी झाले असते.

आणि नुसती पडून नसते हो ती. एडिंबरा विद्यापीठाच्या 'डिकोड एमई' अभ्यासासाठी पडल्या पडल्या थुंकीचा नमुना पोस्टाने पाठवला तिने. २०२५ मध्ये प्राथमिक निष्कर्ष आले, जनुकांत आठ जागी फरक दिसला. औषध यातून लगेच निघणार नाही, कळतं मला. तरी तिने बातमी पाठवली तेव्हा ऑफिसात दिसेल त्याला वाचून दाखवत होते.