खुलासा: 'परप्रांतीय रूममेट दिला की मुलं खचतात' हा मेसेज अर्धाच आहे

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'वेगळ्या समाजाचा रूममेट दिला की मुलं खचतात, अमेरिकेत सिद्ध झालंय. होस्टेलच्या खोल्या राज्यवार द्या.'

अभ्यास खरा आहे, पण अर्धाच उचललाय. २००८ मध्ये शूक आणि फाझिओ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यापीठाने कुणाची पसंती न पाहता, यादृच्छिकपणे वाटलेल्या खोल्यांतले गोरे विद्यार्थी तपासले. कृष्णवर्णीय रूममेट असलेले रूममेटबाबत कमी समाधानी होते, हे बरोबर. मात्र सत्राअखेर याच विद्यार्थ्यांची कृष्णवर्णीयांबद्दलची धास्ती आणि पूर्वग्रह घटले होते. नेमकं हेच गाळलंय! आणि रूममेटशी न जमणं म्हणजे खचणं नव्हे.

नुसती खोली देऊन भागत नाही, हेही खरं. एकत्र येण्याने पूर्वग्रह कधी घटतात, याच्या अटी मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितल्या: बरोबरीचं स्थान, सामायिक ध्येय, परस्पर सहकार्य, वरिष्ठांचा पाठिंबा. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेत निम्म्या जागा इतर राज्यांच्या असतात. तरी मेसमध्ये तेलुगू टेबल वेगळं, वऱ्हाडी वेगळं राहिलं, तर ताटं शेजारी येऊनही ओळख होत नाही. मेस कमिटीत दोन्हीकडची मुलं घ्या, आठवड्याचा मेनू त्यांनाच ठरवू द्या. गडचिरोलीच्या माडिया किंवा मणिपूरच्या मुलाला अख्ख्या मजल्यावर एकटं टाकू नका. भाषेचं एक तरी माणूस जवळ हवं. पहिल्याच आठवड्यात खोलीबदलाचे अर्ज मंजूर करू नका. त्रास असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच हलवा: प्रांत वा भाषेवरून छळणं यूजीसीच्या नियमांत रॅगिंगच आहे. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, मन फारच खालावलं असेल तर टेली-मानस, १४४१६.