पारंबी नाही म्हणून वड नाही?

वटपौर्णिमेच्या तोंडावर बडोद्यात, दांडिया बाजाराकडच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘पारंब्या नसतील तर तो वड नव्हे.’ हे चूक आहे. कोवळ्या वडाला पारंब्या नसतातच, आणि शहरात त्या लोंबायला लागल्या की लोक छाटून टाकतात.

पान बघा. जाड, चिवट, लंबगोल, टोक बोथट. देठ मोडला की पांढरा चीक येतो. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते. वडाची फळं पिकल्यावर लाल, बिनदेठाची, पानाच्या बगलेत बहुधा जोडीनं.

पूजेच्या बारीक डहाळ्या कुंडीत खोचून वड होण्याची आशा फारशी नको (फांद्या तोडूच नयेत, ते वेगळंच). छाटणीत मिळालेली अंगठ्याएवढी जाड फांदी पावसाच्या सुरुवातीला लावा, भिंतीपासून चांगली लांब.