‘लेखक गेला, हक्क गेला’ असं कायद्यात कुठेही नाही

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला. आमच्या गावच्या ‘क’ वर्ग वाचनालयाचे ते कार्यवाह आहेत आणि वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. ‘बेचाळीस पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत. कुणालाही डाउनलोड करता येतील अशी टाकून दे,’ म्हणाले. कुणाची पुस्तकं, असं विचारल्यावर उत्तर म्हणून त्यांनी एक मेसेज पाठवला. वाचनालयांच्या ग्रुपवर तो महिनाभर फिरतोय. त्यात ठासून सांगितलंय: लेखक हयात नसेल तर हक्क संपतो. पुस्तक बाजारात मिळत नसेल तर ते सर्वांचं. पैसे घेत नसाल तर कायदा लागत नाही. फाइल ड्राइव्हवर ठेवून नुसती लिंक दिली तर जबाबदारी नाही. आपल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आपलंच. आणि तक्रार आली तर काढून टाका, विषय संपला.

पंधरा वर्षं बिनपगारी वाचनालय चालवणारा माणूस अशा मेसेजवर विश्वास ठेवून अडचणीत येणार असेल, तर मला गप्प बसवत नाही.

पहिलाच मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो ऐकायला खरा वाटतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याचं कलम २२ सांगतं की लेखकाच्या हयातीत तर हक्क असतोच, शिवाय मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून आणखी ६० वर्षं तो वारसांकडे किंवा ज्यांना दिला असेल त्यांच्याकडे राहतो. आधी ही मुदत ५० वर्षं होती, १९९२ मध्ये ती वाढवली. म्हणजे हिशेब असा करायचा: साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं झालं. डॉ. आंबेडकर १९५६ मध्ये गेले, त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०१७ पासून खुलं. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, तिथे २०३६ चा शेवट उजाडावा लागेल. बाबांच्या बेचाळीसमध्ये खांडेकरांची तीन होती. मेसेजच्या हिशेबाने ती कधीच खुली झालीत, कायद्याने नाहीत.

यात आणखी एक गाठ आहे. लेखन लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं गेलं असेल तर ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, त्यांची गाणी पुस्तकरूपात १९५२ मध्ये आली, म्हणून ती २०१३ पासून खुली. शिवाय मूळ पुस्तक खुलं झालं तरी आपल्या हातातल्या आवृत्तीची नवी प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठावरचं चित्र, अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात. जुन्या कादंबरीची परवा निघालेली आवृत्ती पानासकट स्कॅन केली, तर त्या प्रस्तावनाकाराचं लेखनही आपण वाटतो. अनुवादित पुस्तकात मूळ लेखक आणि अनुवादक, दोघांचीही वर्षं पाहावी लागतात.

‘बाजारात मिळत नाही’ या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. मिळत नसलेली पुस्तकं वाळवीने संपताना मीही पाहिलीत आणि बाबांची तळमळ तिथूनच येते. कायद्यालाही हे कळतं. कलम ५२ मध्ये वाचनालयासाठी दोन सवलती आहेत. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या, विनाव्यापारी सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. आणि आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते, ही सवलत २०१२ च्या दुरुस्तीने आली. तेव्हा बाबांनी स्कॅन केलं यात काहीही वावगं नाही, उलट फार चांगलं काम झालं. पण साठवणं आणि जगाला डाउनलोडसाठी देणं यात मोठं अंतर आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेच गिळून टाकलंय. तीन प्रतींची परवानगी वेबसाइटवरच्या तीनशे डाउनलोडना कशी पुरेल?

पैसे न घेण्याचा मुद्दा: कलम ६३ खाली हेतुपुरस्सर उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. कमी करू शकतं, म्हणजे गुन्हा आहेच. ‘ज्ञानप्रसारासाठी, नफ्यासाठी नाही’ ही तळटीप लावल्याने काही बदलत नाही, आणि लेखकाचं नाव दिल्याने तर नाहीच.

ड्राइव्हच्या लिंकबद्दल जास्त बोलण्यासारखं नाही. खातं आपलं, फाइल आपण चढवली, दार आपण उघडं ठेवलं. कायद्याच्या व्याख्येत काम लोकांना उपलब्ध करून देणं पुरेसं असतं, एकानेही ते उघडलं नाही तरी. तक्रार आल्यावर काढण्याची सोयही मध्यस्थांसाठी आहे, म्हणजे दुसऱ्यांनी चढवलेलं ज्यांच्या यंत्रणेतून जातं त्यांच्यासाठी. स्वतः निवडून, स्कॅन करून, यादी लावून चढवणारा मध्यस्थ होत नाही.

रेकॉर्डिंगचा मुद्दा मात्र मलाही शिकवून गेला. आमच्या व्याख्यानमालेची ऑडिओ टाकायची असं मीच दोन वर्षं म्हणत होतो. कलम १७ स्पष्ट आहे: जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा, कार्यक्रम दुसऱ्या कुणी आयोजित केला असला तरी. खुर्च्या आपल्या, माइक आपला, मानधन आपण दिलं, तरी शब्द वक्त्याचे. लेखी परवानगी घेतली की प्रश्न मिटतो, आणि बहुतेक वक्ते आनंदाने देतील. पण विचारायला हवं. यंदापासून निमंत्रणपत्रासोबतच एक ओळीचं संमतिपत्र जाणार आहे.

बाबांशी मंगळवारी दोन तास बसलो. प्रत्येक पुस्तकापुढे लेखकाचं मृत्युवर्ष, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, प्रस्तावना कुणाची, असे रकाने केले. बेचाळीसपैकी अकरा निर्धास्त निघाली आणि ती शनिवारी चढली, प्रत्येकीखाली ती खुली का आहे हे लिहून. बाकीच्यांच्या फाइली जतनासाठी हार्डडिस्कवर आहेत. आमच्या तालुक्यातले एक कवी ऐंशीच्या दशकात गेले, त्यांचं एकच पुस्तक, आता कुठेही मिळत नाही. बाबांनी त्यांच्या मुलीला पोस्टकार्ड लिहिलं. तिने फोन करून सांगितलं, परवानगीचं पत्र पाठवते आणि वडिलांच्या हस्तलिखिताची दोन पानंही.