पगारी शौर्य

दुसऱ्या महायुद्धात लढलेले मराठी जवान ‘इंग्रजांचे भाडोत्री’, त्यांचं स्मरण कशाला, हा वाद तिकडे महाराष्ट्रात दर काही महिन्यांनी उफाळतो आणि फोनवरून मला गाठतो. यंदा नेमका २५ एप्रिलला, इटलीच्या मुक्तिदिनी गाठला. इथे चौकात बँड, महापौरांच्या खांद्यावर इटलीचा तिरंगी पट्टा, आणि माझ्या हातात एका शहाण्याचा मेसेज: पगार घेऊन लढले, त्यात शौर्य कसलं?

मी उत्तर इटलीतल्या रोमान्या भागात राहतो. कामावर जाताना सेनियो नदी लागते. आपल्याकडे तिला नदी म्हणायला लोक कचरतील. ९ एप्रिल १९४५ ला तिच्या उंच बांधांमध्ये जर्मन मशीनगन दडल्या होत्या. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे मराठा पलटणीत निरोप्या. सोबतचे बहुतेक पडले, तेव्हा त्यांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी तीन मशीनगन ठाणी बंद पाडली, मध्येच हाताला जखम झाली तरी. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. हे कुठल्या पगारपत्रकात बसतं?

माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तर परतलेच नाहीत. १० जुलै १९४४, इटलीतल्याच तिबेर नदीचं वरचं खोरं. सेक्शनमधले बाकी सगळे पडल्यावर एकटेच मशीनगनवर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा तिथल्या उरलेल्या दोघा शत्रूंना बंदुकीच्या दस्त्याने संपवलं. मग स्नायपरनी त्यांना टिपलं. वय २२. जाधव, घाडगे दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. त्याच खोऱ्यातल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. पगार कोण देत होतं, असं तिथे कुणी विचारलं नाही.

अर्थात इटलीला तरी कुठल्या तोंडाने विचारता आलं असतं? ८ सप्टेंबर १९४३ पर्यंत ती शत्रूच्याच गोटात. १९४२ मध्ये भारतीय युद्धकैद्यांमधून तिने इंग्रजांविरुद्ध लढायला ‘आझाद हिंदुस्तान’ बटालियन उभी केली, ती बंड करून उठली आणि त्याच वर्षी मोडली. इथल्या भाषणांत हे येत नाही. मोंतोनेचं कौतुक सांगताना मीही ते गाळतो.

तिकडचा मुद्दाही अगदीच पोकळ नाही. त्याच काळात साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांना जेरीस आणत होतं आणि त्याच साताऱ्याची पोरं इंग्रजांच्या वर्दीत होती. पण या दोघांतून एकच निवडा, असा हट्ट घरबसल्या धरणाऱ्यांनी आधी सेनियोचा बांध चढून दाखवावा.

मी एवढा चिडतो, त्याला कारण आहे. मीही इथे परक्यांच्या पगारावरच आलोय. कुणी जरा वेगळ्या सुरात ‘मूळचा कुठला?’ विचारलं की मी नदीकडे बोट दाखवतो आणि आमची माणसं इथे कशी लढली ते सांगत सुटतो. समोरचा गप्प होतो, मला बरं वाटतं. नागरिकत्वाच्या अर्जात या मातीशी नातं काय, असा रकाना असता तर मी बेधडक जाधवांचं नाव लिहिलं असतं, माझा त्यांच्याशी काडीचा संबंध नसताना.